संपादक बाबासाहेब आणि सभागृहातले बाबासाहेब

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



कमिटीने आम्हाला बाबासाहेबांच्या जीवनावर दोन शब्द बोलायला सांगितले. आता बाबासाहेबांचे जीवन तुम्हा सर्वांना तोंडपाठ आहे. महूचा जन्म, साताऱ्याची शाळा, कोलंबिया, लंडन, दीक्षाभूमी. जयंतीला वक्ते येतात आणि ते आमच्यापेक्षा चांगले बोलतात. आम्ही काही प्रोफेसर नाही. गिरणीच्या रिंग खात्यात उभे राहून आयुष्य काढलेली माणसं आम्ही. पाळी सुटल्यावर जे वाचायला मिळालं तेवढीच आमची शाळा. म्हणून आज सगळं चरित्र सांगत नाही, त्यातली एकच बाजू घेतो. बाबासाहेब वर्तमानपत्राचे संपादक होते, आणि हाच संपादक पुढे मुंबईच्या कौन्सिलात आणि दिल्लीच्या संसदेत जाऊन बसला. ही दोन कामं लोक वेगवेगळी समजतात. आमच्या मते ते एकच काम होते, फक्त जागा बदलली.

सुरुवात १९१९ सालापासून करू. त्या वर्षी जानेवारीत साउथबरो कमिटीपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली. मताचा हक्क कोणाला द्यायचा हे ती कमिटी ठरवीत होती. तेव्हा मत कोणाला असायचे? ज्याच्याकडे जमीन, मालमत्ता, जो सरकारला कर भरतो, त्याला. म्हणजे आपले आजे-पणजे त्यातून आपोआप बाद. सत्तावीस वर्षांचा तरुण प्रोफेसर साहेबांपुढे उभा राहून सांगतो की अस्पृश्यांना त्यांचे स्वतःचे प्रतिनिधी पाहिजेत आणि मताची अट त्यांच्यासाठी खाली आणली पाहिजे. पण साक्ष दिली ती सरकारी कागदात गेली. वस्तीतल्या माणसाला ती कळणार कशी? बरं, त्या काळी वर्तमानपत्रं काय कमी होती? पण आपल्या माणसाचं म्हणणं छापणारं कोण होतं!

म्हणून ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत होते, त्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव लागले, पण लेखणी बाबासाहेबांची. पुण्याच्या ‘केसरी’ने या पाक्षिकाची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. ही हकीकत आपल्या लोकांना माहीत असते, आणि ती सांगताना आपला आवाज चढतो. चढू द्या. पण पुढेही वाचा. पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. एक एक जात म्हणजे एक एक मजला, आणि मजल्यांना जोडणारा जिना नाही. ज्या मजल्यावर जन्मला त्याच मजल्यावर मरायचं. दुसरी गोष्ट सांगितली बोटीची. बोटीतल्या एकाने दुसऱ्याचं नुकसान व्हावं म्हणून बोटीला भोक पाडलं तर भोक पाडणारासुद्धा बुडणार. एका जातीचं नुकसान करणाऱ्या पत्राचंही तसंच. म्हणजे बघा, पहिल्याच अंकात शिवीगाळ नाही. उपमा आहे, हिशेब आहे, आणि विरोधकालाही पटेल अशी मांडणी आहे. याच मांडणीला पुढे सभागृहात वजन आले.

त्याच वर्षी जुलैत बाबासाहेब शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. मागे ज्ञानदेव घोलप यांनी पत्र सांभाळले, पण १९२३ साली ते बंद पडले.

आता १९२७ साल बघा. हे साल आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. फेब्रुवारीत बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद म्हणून शपथ घेतली. मार्चच्या १९ आणि २० तारखेला महाड. आणि ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक. दीड महिन्याच्या आत तिन्ही गोष्टी. हा काय योगायोग म्हणायचा? महाडचा सत्याग्रह आपण पाण्याचा म्हणतो, पण त्याच्या मुळाशी सभागृहाचा ठराव होता. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केले. कागदावर! तळ्यावर मात्र कोणी जाऊ शकत नव्हते. बाबासाहेब हजारो माणसं घेऊन गेले आणि कागदावरचा हक्क ओंजळीत घेतला. मग दंगा झाला, आपल्या माणसांची डोकी फुटली, नगरपालिकेने ऑगस्टमध्ये ठराव फिरवला. या सगळ्याची खरी हकीकत ‘बहिष्कृत भारत’मध्ये येत होती. ते पत्र नसते तर महाडची गोष्ट दुसऱ्यांनी त्यांच्या सोयीने सांगितली असती. कोर्टात दावा चालू राहिला आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. दहा वर्षे.

तेव्हा बाबासाहेब परळला राहत, पोयबावाडीच्या बी.आय.टी. चाळीत. दामोदर हॉलजवळ कचेरी. चहूकडे गिरण्यांचे भोंगे. दिवसा कोर्ट, शिकवणं, येणाऱ्या-जाणाऱ्यांची गाऱ्हाणी, आणि त्यानंतर अंक लिहायला बसायचं. चोवीस-चोवीस रकाने त्यांनी एकट्याने लिहून काढले आहेत, पगाराचा एक पैसा न घेता. हे त्यांनी स्वतःच वाचकांना सांगितले, कारण वर्गणी येत नव्हती. १९२८ साली त्यांनी अग्रलेखच लिहिला की ‘बहिष्कृत भारत’चे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय. अंक वाचायचा, पुढाऱ्याचा जयजयकार करायचा, आणि वर्गणीचं उद्या बघू! (आपल्या या स्मरणिकेचे पैसे कोणाकोणाकडे राहिले आहेत ते खजिनदार खाली सांगतीलच.) १९२९ च्या नोव्हेंबरमध्ये ते पत्रही बंद पडले. पुढच्या वर्षी, २४ नोव्हेंबर १९३० रोजी ‘जनता’ सुरू झाले आणि ते मात्र टिकले. देवराव नाईक त्याचे पहिले संपादक.

त्या अंकांतली ‘आजकालचे प्रश्न’, ‘प्रासंगिक विचार’ ही सदरं वाचून बघा. दुसरी पत्रं आपल्याविरुद्ध काय लिहितात ते आधी वाचकापुढे ठेवायचं आणि मग मुद्द्याला मुद्दा उत्तर. विरोधकाचं म्हणणं लपवायचं नाही. ही सवय ज्याला लागली तो माणूस सभागृहात कधी गडबडत नाही. समोरचा काय बोलणार हे त्याने आधीच वाचलेलं असतं.

कौन्सिलात बाबासाहेब बोलले कशावर? १९२८ साली महार वतनाचे बिल आणले. त्याच साली गिरणीतल्या बायांना बाळंतपणाची पगारी रजा देण्याच्या बिलाला पाठिंबा दिला. म्हणाले, बाईला त्या काळात विश्रांती मिळाली तर त्यात राष्ट्राचेच हित आहे. आज आमच्या भगिनींना ही रजा मिळते तेव्हा कोणी म्हणतं मालकाने दिली. सायमन कमिशनपुढे तर त्यांनी सरळ मागणी केली की वयात आलेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत पाहिजे. १९२८ सालची ही गोष्ट. त्या वेळी मोठमोठे शिकलेले लोक म्हणत होते की अडाण्याला मत देऊन काय करायचे.

आता आम्ही गिरणीवाले असल्यामुळे गिरणीवर थोडं जास्त बोलणार, ते तुम्ही ऐकून घ्या. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं रिंग खात्यात. विणाईत, म्हणजे साचेखात्यात, पगार चांगला, पण तिथे आपल्याला बंदी. का? तर धोट्यातली कांडी संपली की नवा धागा तोंडाने ओढून भोकातून बाहेर काढावा लागे. धोट्याला अस्पृश्याचं तोंड लागलं तर दुसरा कामगार तो धोटा कसा वापरणार! ही बंदी मालकाने घातली नव्हती, आपल्याच शेजारी उभ्या असलेल्या कामगार बांधवाने घातली होती. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांना ठणकावून सांगितलं की ही बंदी उठवण्याची मागणी यादीत घाला. त्यांनी ती नाइलाजाने घातली. आणि मालकांनी उत्तर काय दिलं? हा अन्याय असेल, पण तो आम्ही केलेला नाही. मालक इथे खरं बोलत होता, म्हणून हे उत्तर जास्त झोंबतं.

तरीसुद्धा दहा वर्षांनी बाबासाहेब त्याच कामगारांसाठी उभे राहिले. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या निवडणुकीत ते असेंब्लीत आले. १७ सप्टेंबर १९३७ ला खोती रद्द करण्याचे बिल मांडले, आणि १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा घेऊन तेच असेंब्लीवर चालून गेले. आत बिल, बाहेर मोर्चा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहाचे बिल आणले. बाळासाहेब खेर तेव्हा मुंबई प्रांताचे मुख्य. बिलात होते की तंटा झाला तर आधी समेटाची बोलणी, आणि तेवढ्यात कामगाराने संप केला तर तो बेकायदा, त्याला शिक्षा.

बाबासाहेबांचे त्या बिलावरचे भाषण आम्ही आमच्या मोडक्या-तोडक्या इंग्रजीने, शब्दकोश घेऊन वाचले आहे. महिनाभर लागला. त्यात आरडाओरडा नाही. एकच मुद्दा धरून ते पुढे सरकतात. कामगार कामावर येत नाही म्हणजे तो काय करतो? नोकरीचा करार मोडतो. करार मोडणं हा दिवाणी मामला आहे, त्याची भरपाई मागा. तो गुन्हा कसा होईल? करार मोडला म्हणून माणसाला तुरुंगात घालणार असाल तर तुम्ही त्याला त्याच्या मर्जीविरुद्ध राबायला लावता, आणि मर्जीविरुद्ध राबणाऱ्याला गुलाम म्हणतात. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्याच हक्काचं दुसरं नाव आहे. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पक्षाने हे कबूल करावं की नाही? आता सांगा, याला काय उत्तर होतं त्यांच्याकडे? उत्तर नव्हतं, पण हात होते वर करायला. बहुमत त्यांचं होतं.

७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले. ज्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं ते एका मैदानावर उभे राहिले. पोलिसांनी गोळीबार केला. आणि कायदा झाला तो झालाच. इथे काही मंडळी म्हणतात, मग उपयोग काय झाला? आमचं म्हणणं असं की, त्या मतदानात हरल्यावर बाबासाहेब घरी बसले नाहीत की सभागृह मोडीत काढा म्हणाले नाहीत. ते पुन्हा त्याच बाकावर जाऊन पुढच्या बिलावर बोलले. आणि १९४२ साली तेच व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री झाले. १९४६ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे ५४ तासांचे काम ४८ तासांवर आले, ते त्यांच्याच खात्याच्या बिलाने. आठ तासांची पाळी सुटते, भोंगा होतो, तेव्हा हे ध्यानात ठेवत चला.

मधल्या काळातली एक गोष्ट राहून जाईल. १८ जानेवारी १९४३ ला पुण्यात न्या. रानड्यांच्या स्मरणार्थ त्यांचे व्याख्यान झाले. त्यात त्यांनी वर्तमानपत्रांची हजेरी घेतली. पूर्वी वृत्तपत्र हा पेशा होता, आता तो धंदा झाला, साबण करण्याइतकीच त्यात नीती उरली आहे, असा त्यांचा रोख. आणि पत्रं करतात काय, तर एक पुढारी पकडायचा आणि त्याची आरती करत बसायचं. स्वतः संपादक असलेला माणूस हे बोलतो म्हणून त्याला किंमत आहे. आज टी.व्ही. लावला आणि मोबाईल उघडला की आम्हाला ते व्याख्यान आठवते.

घटना समितीत बाबासाहेब कसे गेले हेही सांगण्यासारखे आहे. मुंबईतून जाता आले नाही, म्हणून १९४६ साली जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालच्या बांधवांनी त्यांना निवडून पाठवले. फाळणीत ती जागा गेली, मग १९४७ साली ते मुंबईतून पुन्हा निवडून आले. ऑगस्टअखेर मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. आम्ही एकच सांगतो. १९१९ साली जी मागणी सुरू झाली ती ३२६ व्या कलमात येऊन पुरी झाली. एकवीस वर्षांच्या प्रत्येक माणसाला मत. जमीन विचारली नाही, शाळा विचारली नाही, जात विचारली नाही. १९८९ पासून वय अठरा झाले. इथे मागे बसलेल्या ज्या आज्या अंगठा देतात त्यांचे मत आणि गिरणीमालकाचे मत एकाच पेटीत, एकाच मापाचे.

२५ नोव्हेंबर १९४९ चे त्यांचे शेवटचे भाषण. त्यातला एक भाग नेहमी सांगितला जातो, की राजकारणात एक माणूस एक मत आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा विरोध लवकर मिटवा. पण त्याच भाषणात आपल्या विहाराच्या कामाचा एक भाग आहे, तो कोणी सांगत नाही. बाबासाहेब म्हणाले, लोकशाही या देशाला नवी नाही. बुद्धाचे भिक्खू संघ म्हणजे संसदच होत्या. बसायचे नियम होते, ठराव कसा मांडायचा याचे होते, किती जण हजर पाहिजेत, मतं कशी मोजायची, गुप्त मतदान कसे घ्यायचे, निंदाव्यंजक ठराव कसा आणायचा, सगळ्याचे नियम होते. भन्ते इथे आहेत, ते जास्त सांगतील. ठराव मांडणे याला ज्ञप्ती म्हणत. मतभेद झाला तर शलाका, म्हणजे काड्या वाटून मतं घेत, आणि काड्या वाटायला माणूस नेमत तोसुद्धा सगळ्यांच्या संमतीने.

आणि त्याच भाषणात भक्तीचा इशारा आहे. धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा रस्ता असेल, पण राजकारणात भक्ती आणि विभूतिपूजा हा अधःपतनाचा आणि शेवटी हुकूमशाहीचा रस्ता आहे. आता आम्ही थोडं कडू बोलतो, अध्यक्षांनी रागावू नये. आपण काय करतो? पुतळ्याला हार, फोटोला मेणबत्ती, डी.जे. लावून मिरवणूक. हार घालू नका असं आम्ही म्हणत नाही, आम्हीसुद्धा घालतो. पण कितीतरी वस्त्यांत विहाराच्या कमिटीची सर्वसाधारण सभा वर्षानुवर्षे होत नाही. हिशेब वाचून दाखवला जात नाही. एकाच घरात खुर्ची राहते, आणि कोणी विचारलं तर म्हणतात, हा समाजात फूट पाडतो. ज्यांच्या भिक्खूंनी अडीच हजार वर्षांपूर्वी काड्या वाटून मतं घेतली त्यांच्या वारसांना चिठ्ठी टाकायला जड का जावं? आणि महिला मंडळ! विहार झाडणार त्या, वंदना घेणार त्या, खीर रांधणार त्या, कमिटीत नावं मात्र पुरुषांची. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाच्या नावाने आपण हे करतो.

त्या राजीनाम्याचं सांगतो. २७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १० ऑक्टोबरला संसदेत त्याचे निवेदन करायचे होते. उपसभापतींनी सांगितले की निवेदनाची प्रत आधी दाखवा. बाबासाहेब उठले, सभागृहाबाहेर गेले आणि ते निवेदन वर्तमानपत्रवाल्यांच्या हातात दिले. दुसऱ्या दिवशी देशाने ते वाचले. सभागृहाचं दार अडवलं तर छापखान्याचं दार उघडं असतं, हे त्यांना १९२० पासून ठाऊक होतं.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत त्यांचा उत्तर मुंबईतून पराभव झाला. घटना लिहिणारा माणूस त्या घटनेखालच्या पहिल्याच निवडणुकीत पडला. मग ते राज्यसभेत गेले. १९५४ ला भंडाऱ्याची पोटनिवडणूकही हरले. दोन पराभव झाले, पण मतपेटीवरचा विश्वास कमी झाला नाही. २२ डिसेंबर १९५२ ला पुण्यात वकिलांपुढे बोलताना त्यांनी लोकशाही म्हणजे काय ते सांगितले: लोकांच्या सामाजिक व आर्थिक जीवनात रक्त न सांडता क्रांतिकारक बदल घडवून आणणारी राज्यपद्धती. आणि तिला विरोधी पक्ष पाहिजे, सत्तेवरच्या माणसाला नाही म्हणणारा कोणीतरी पाहिजे. ४ फेब्रुवारी १९५६ पासून ‘जनता’चे नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले. ऑक्टोबरमध्ये धम्मदीक्षा झाली. ४ डिसेंबरला शरीर थकलेले असताना ते राज्यसभेत जाऊन आले. सहा डिसेंबरला निर्वाण.

शेवटी कमिटीपुढे एक सूचना ठेवतो, ज्ञप्ती म्हणा पाहिजे तर. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या खंडांपैकी दुसरा खंड आपल्या विहाराच्या कपाटात आहे, त्यात बाबासाहेबांची मुंबई कौन्सिलातली भाषणं आहेत. प्लॅस्टिक अजून फाडलेलं नाही. पुस्तक इंग्रजीत आहे, पण आपल्या वस्तीत आता कॉलेजात जाणारी मुलं-मुली आहेत. दर रविवारी वंदनेनंतर पंधरा मिनिटं एकाने दोन पानं वाचून मराठीत सांगावीत आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत. सुरुवात १९३८ च्या बिलापासून करू. कोणाची हरकत असेल तर त्यांनी हात वर करावा, आणि नसेल तर कपाटाची किल्ली सेक्रेटरींकडे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!